औषधाआधीचे प्रवचन

१९५६ साली आपल्या नागपुरात एक सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी केली होती. तिची एक शिफारस अशी होती की, धर्मांतराचे थेट साधन म्हणून वैद्यकीय सेवेचा वापर करण्यास कायद्याने बंदी घालावी. या मुद्द्यावर आजही भांडणे होतात. एक बाजू म्हणते, ती सेवा म्हणजे आमिष होते. दुसरी म्हणते, ती निखळ करुणा होती. आम्हाला असे वाटते की या भांडणात त्या डॉक्टरचा रोजचा दिवस कोणी पाहतच नाही. आज आपण तो पाहू.

त्यासाठी मिरजेला जाऊ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले, न्यूयॉर्कला शिकलेले डॉक्टर. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली ते पत्नी मेरीसह इकडे आले. आधी सांगलीत छोटा दवाखाना, मग मिरज. तिथे १८९४ साली रुग्णालय उघडले.

मिशनच्या दवाखान्यातला दिवस प्रार्थनेने सुरू होई. तोवर ओसरीवर माणसे जमलेली असत. कोणी बैलगाडीने आलेले, कोणी रेल्वेने, कोणी मोतीबिंदूमुळे नातवाचा खांदा धरून आलेले. घरून बाटली आणलेली असे. नंबर लागेपर्यंत प्रचारक येशूची गोष्ट सांगे. मग तपासणी, मलमपट्टी, शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेपूर्वी पुन्हा प्रार्थना. आवारात नातेवाइकांच्या चुली पेटत, कारण दुसऱ्याच्या हातचे अन्न चालत नसे. मिशनच्या पाण्यात कालवलेले औषध घेतले तर आपण बाटू, अशी भीती असे. म्हणजे बघा, संशय दोन्हीकडे होता. डॉक्टरला रोग्याचा आत्मा हवा होता आणि रोग्याला आत्मा सांभाळून फक्त डोळा बरा करून हवा होता. बहुतेकांनी गोष्ट ऐकली, औषध घेतले आणि ते आपल्या देवाकडे परत गेले.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न येतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट सांगतो. पोटात कळ येत असताना माणूस ओसरीवर बसला आहे. तो उठून जाऊ शकत नाही. त्याला प्रवचन ऐकवणे म्हणजे त्याच्या दुखण्याचा वापर करणे नव्हे काय? आम्ही उत्तर देतो, होय, काही अंशी तसेच होते. औषध फुकट असेल, पण ऐकणे हे त्याचे मोल होते.

मग प्रवचन वगळले की प्रश्न सुटला का? याचे उदाहरण आफ्रिकेत सापडते. आल्बर्ट श्वाइट्झर यांनी कांटवरच प्रबंध लिहून तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते वैद्यकही शिकले. १९१३ साली ते आजच्या गॅबनमध्ये, ओगोवे नदीकाठच्या लांबारेने गावी पोहोचले. त्यांची धर्ममते पॅरिसच्या मिशनला पटत नव्हती. म्हणून जाण्याआधीच त्यांनी कबूल केले होते, मी फक्त औषध देईन, प्रवचन करणार नाही. (तिथल्या मिशनऱ्यांनी त्यांना हे बंधन लवकरच माफ केले, तो भाग वेगळा.) पहिली तपासणीची खोली म्हणजे जुने कोंबड्यांचे खुराडे. रोग्याच्या गळ्यात नंबराची चकती. बाटल्या-डब्या परत आणा, असे रोज बजावून सांगावे लागे, कारण त्या पुरत नसत. दुभाषा जोसेफ मूळचा स्वयंपाकी. तो रोग्यांच्या अवयवांची नावे खाटकाच्या भाषेत सांगे. मिरजेसारखेच इथेही रोग्यासोबत त्याचे कुटुंब येऊन राही.

पण याच श्वाइट्झरांनी आफ्रिकी माणसाला धाकटा भाऊ म्हटले, आणि थोरलेपण स्वतःकडे ठेवले. त्यांच्या हयातीत, म्हणजे १९६५ पर्यंत, स्थानिकांतून डॉक्टर घडवणारी शाळा लांबारेनेत उभी राहिली नाही. उलट वानलेस यांनी मिरजेत १८९७ सालीच वैद्यकीय शाळा काढली आणि इथल्या ख्रिस्ती तरुणांच्या हाती शस्त्र दिले. गंमत आहे, नाही का? प्रवचन न करण्याचे वचन देऊन गेलेल्याने थोरलेपण सोडले नाही. प्रवचन करणाऱ्याने मात्र आपली विद्या देऊन टाकली. तीही आपल्या धर्माच्या मुलांनाच, हे विसरू नये.

म्हणून आम्ही कसोटी बदलून पाहतो. डॉक्टर काय बोलला, यापेक्षा तो गेल्यावर ते काम कोण करू शकले, हे विचारावे. आपल्याकडे याचे उत्तर वर्ध्याला मिळते. सेवेच्या आडून होणाऱ्या धर्मप्रसारावर गांधीजींनी स्पष्ट टीका केली होती. पण ते टीका करून थांबले नाहीत. कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींना त्यांनी सेवाग्रामात ठेवून घेतले आणि त्यांची शुश्रूषा स्वतः केली. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. तोवर आपल्या समाजात या रोग्यांना गावाबाहेर काढत आणि मिशन त्यांना आत घेई. अशा समाजाने मिशनच्या हेतूवर बोट ठेवावे, हा अधिकार त्याला फार उशिरा मिळाला. तो ज्यांनी जखमा धुतल्या त्यांनी मिळवून दिला.

शेवटी नियोगींकडे परत येऊ. ज्या वर्षी त्यांचा अहवाल आला, त्याच वर्षी त्यांनी याच नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. म्हणजे धर्म बदलण्याला त्यांचा विरोध नव्हता. विचार करून धर्म बदलणे वेगळे आणि खाटेवर पडून असताना बदलणे वेगळे, हा फरक त्यांच्या शिफारशीत आहे. आम्हाला तो मान्य आहे. मात्र ती शिफारस वाचताना ओसरीवर बसलेला तो मोतीबिंदूचा म्हातारा डोळ्यांसमोर ठेवावा. त्याच्यापुढे दोन दवाखान्यांतून निवड करायची सोय नव्हती. दुसरा दवाखाना आपण काढलाच नव्हता.