आठ महिन्यांचे विमान

मृगाचे पाणी एकदा पडले म्हणजे बिलोलीच्या काळ्या रानात भरली गाडी घालण्याची छाती कोणी शहाणा शेतकरी करीत नाही. चाकांस मातीचे थरावर थर चढतात, बैल रुततात आणि गाडी जागची हलत नाही. उन्हाळ्यात हीच जमीन अशी भेगाळते की, भेगेत माणसाचा पाय अडकावा. खाजगी विमानांच्या इतिहासाचा आरंभ या मातीपासून करावा असे म्हटले तर वाचकांस ते चमत्कारिक वाटेल. तथापि विमान ठेवणाऱ्यास आकाश फुकट मिळते, जमीन मात्र मिळवावी लागते. आणि आमच्याकडील जमीन वर्षातून चार महिने त्याच्याशी वैर धरते. आमच्या लोकांच्या विमानविद्येविषयी पुष्कळ अभिमानाचे लेखन झाले आहे, परंतु त्यात पावसाळ्याचा हिशेब क्वचितच आढळतो.

सामान्य गृहस्थाने आपले स्वतःचे विमान बाळगावे ही कल्पना जगात रूढ झाली ती १९२५ साली इंग्लंडात डी हॅव्हिलंड कंपनीने ‘मॉथ’ नावाचे लहान विमान उडविले तेव्हापासून. मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर झेपावणारा. त्याचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ते मोटारीच्या मागे बांधून घरी न्यावे आणि मोटारखान्यात ठेवावे, अशी सोय होती. ‘जिप्सी’ यंत्र बसविलेल्या मॉथची किंमत इंग्लंडात सुमारे ६५० पौंड होती. त्या वेळच्या हुंडणावळीने हे साडेआठ हजार रुपयांहून अधिक होतात. म्हणजे आमच्या कारकून-मास्तरांच्या जन्माच्या मिळकतीइतके. परंतु किंमत हा अर्धाच प्रश्न होता. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून रोगण दिलेले कापड, आणि बहुधा दुधातील केसिनापासून केलेला सरस, अशी त्या काळच्या लहान विमानांची घडण असे. ज्यांनी श्रावणात घरची पेटी-तबल्याची जोडी सांभाळली आहे त्यांस या घडणीवर ओल काय परिणाम करील हे निराळे सांगावयास नको. लाकूड फुगते, सरसास बुरशी धरते, कापड सैल पडते. कंपनीलाही हे कळत होतेच. परदेशांतील कडक हवेसाठी तिने पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचा मॉथ पुढे काढला.

मुंबईस जुहूच्या मैदानावर १९२८–२९ च्या सुमारास विमानविद्येचा अभ्यास सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांस हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने कापणाऱ्या हिंदी वैमानिकास ५०० पौंडांचे बक्षीस लाविले. टाटा आपला जिप्सी मॉथ घेऊन ३ मे १९३० रोजी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडाहून उलट दिशेने येत होता. दोघांची गाठ मिसर देशात अबुकीर येथे पडली. अस्पीपाशी ठिणगीचे जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे त्यास दिले. बक्षीस अस्पीने जिंकले, आणि हाच मुलगा १९६० साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. या कथेतील औदार्य सर्वांस ठाऊक आहे. मला त्यात कराचीचे नाव महत्त्वाचे वाटते. कराचीस पाऊस तो किती! लाकूड-कापडाच्या विमानास ते बंदर मानवावे यात नवल नाही. राजेरजवाड्यांत विमानांचे मोठे भोक्ते म्हणून ज्यांचे नाव निघते ते महाराज उमेदसिंह जोधपूरचे, म्हणजे वाळवंटातलेच.

जुहूची गोष्ट उलट होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून जुहूस उतरविले. अहमदाबादेस त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. विमान आणि बैलगाडी यांचा हा शेजार पुष्कळांनी हौसेने वर्णिला आहे. परंतु पुढे जून उजाडला की काय होई, ते पाहावे. समुद्रालगतचे जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाचे तळे होई. तेव्हा टाटांस आपला संसार उचलून घाटावर पुण्यास, येरवड्याच्या मैदानावर न्यावा लागे, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा खाली उतरावे लागे. पेशव्यांचे सैन्य दसऱ्यास सीमोल्लंघन करी आणि पावसाळ्यास छावणी धरी. विसाव्या शतकातल्या विमानांनीही तोच शिरस्ता पाळला. टाटांपाशी दोन ठिकाणे होती म्हणून त्यांचे विमान बाराही महिने चालले. ज्याच्याजवळ एकच विमान आणि एकच मैदान, त्याचे विमान आठ महिन्यांचे. कोल्हापुरास छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली विमानतळ केला, तो एका संस्थानाच्या तिजोरीवर. शिकल्यासवरल्या मराठी मध्यम वर्गास यांतले काहीच शक्य नव्हते, आणि म्हणूनच त्या पहिल्या पिढीच्या कथेत पारशी शेठ व राजेलोक वारंवार भेटतात. धैर्याचा वाटा आमच्याकडे कमी होता, असा निष्कर्ष यावरून काढणे मला मान्य नाही.

आता आमच्या मुलखाकडे वळू. बिलोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. या भागाच्या इतिहासात खाजगी विमानाने जे एक मोठे काम केले ते अभिमानाचे नव्हे. १९४८ साली हिंदी सरकारने हैद्राबादची नाकेबंदी केली असता सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून निजामासाठी चोरून शस्त्रे आणण्यास आरंभ केला. हा गृहस्थ असामान्य खरा. महायुद्धापूर्वी साध्या व्यापाऱ्याच्या वेषात आपल्या विमानात कॅमेरे दडवून त्याने जर्मनीची छायाचित्रे घेतली होती. हैद्राबादेस तो जी विमाने आणी ती लहान नव्हती, लँकेस्टर या बाँबफेकी विमानापासून केलेली चार यंत्रांची ‘लँकेस्ट्रियन’ होती. आणि ती उतरत बिदर व वरंगळ येथे. बिदर बिलोलीहून सरळ रेषेत अवघे साठ मैल. लातूरचे वकील कासिम रझवी यांचे रझाकार मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून धुमाकूळ घालीत असता ही शस्त्रे येत होती.

उड्डाणे सुरू झाली जूनमध्ये आणि चालली सबंध पावसाळा. आमच्या काळ्या रानात जे विमान त्या दिवसांत चाकाच्या आसापर्यंत रुतले असते, ते बिदरास उतरू शकले, याचे एक कारण मला त्या पठाराच्या जांभ्या दगडात दिसते. ज्या दगडाचा बिदरचा किल्ला, त्याच दगडाचे पठार. पाणी त्यावर ठरत नाही. १३ सप्टेंबरला हिंदी सैन्य संस्थानात शिरले, १७ ला निजामाने शरणागती दिली. कॉटनवर पुढे इंग्लंडात खटला झाला, आणि दंड झाला तो २०० पौंड. इतक्या रकमेत मॉथचा तिसरा हिस्सादेखील आला नसता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने आमच्याकडे डांबरी धावपट्ट्या केल्या: नांदेडास १९५८ साली, लातुरास १९९१ साली. चिखलाचे वैर अशा रीतीने संपले. मग खाजगी विमाने वाढली काय? लहान विमानांस लागणारे विशेष पेट्रोल २०२२ पर्यंत परदेशातून आणावे लागे. शिवाय उड्डाणयोग्यतेचा दाखला वेळोवेळी नवा करावयाचा, विमानास छप्पर पाहिजे, जाणता यांत्रिक पाहिजे. विमान उडो अथवा न उडो, हा खर्च चुकत नाही.

याच काळात शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा आमच्याकडे मोठ्या उत्साहाने सांगितली जाते. तिला भरवशाचा समकालीन पुरावा नाही. जिच्या आधाराने अशा कथा रंगविल्या जातात त्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या पोथीतील विमाने उडणे शक्य नाही, असे बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखविले आहे. दंतकथेस परवाना लागत नाही, हे तिचे भाग्य.

अमोल यादव यांचे तसे नव्हते. या मराठी वैमानिकाने मुंबईस कांदिवलीत, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, घरच्यांच्या पैशाने व कर्जाने सहा आसनांचे विमान बांधिले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते गच्चीवरून यारीने खाली उतरवून ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडले, तेव्हा मंत्र्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांनी त्याचे कौतुक केले. नोंदणीचा दाखला मिळावयास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, उड्डाणाची परवानगी २०१९ च्या ऑक्टोबरात आली. हे विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून प्रथम वर गेले ते २०२० च्या ऑगस्ट महिन्यात, भर पावसाळ्यात.