मंदाकिनीचा कृष्ण

मुलांसाठीं काढलेल्या हलत्या चित्रांत पराक्रम मुलाकडे आणि शुश्रूषा मुलीकडे, अशी तक्रार हल्लीं सुशिक्षित घरांतून ऐकूं येते. ती खोटी नाहीं. २००८ सालीं सुरू झालेल्या ‘छोटा भीम’ मालिकेंत भीमानें शत्रु लोळवावे व चुटकीनें त्याला लाडू द्यावे, हा क्रम मुलांना पाठ आहे. पण ही वांटणी पडद्याला जन्मतःच चिकटलेली आहे काय, हें पाहावयाचें तर नाशिकचाच इतिहास चाळला पाहिजे.

त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ सालीं आपला चित्रांचा उद्योग घेऊन नाशकास आले. ‘आगकाड्यांची मौज’ या नांवाचा, काड्यांना हालचाल देणारा एक खेळही त्यांनीं रचला होता. व्याकरणाखेरीज काडीला कसलें आलें लिंग! हाडामांसाच्या पात्रांची गोष्ट निराळी. ‘राजा हरिश्चंद्र’साठीं तारामती व्हावयास एकही स्त्री मिळेना, तेव्हां उपाहारगृहांत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडें नेसावें लागलें. त्याच सालीं ‘मोहिनी भस्मासुर’साठीं दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई धिटाईनें पुढें आल्या, तरी रीत पालटली नाहीं. १९१७ च्या ‘लंकादहना’त साळुंके रामही झाले आणि सीताही. यांत सुधारणेचा लवलेश नव्हता. अडचण होती, आणि आमच्या रंगभूमीची जुनी संवय होती.

१९१९ च्या ‘कालियामर्दना’विषयीं मात्र तसें म्हणतां येत नाहीं. कृष्ण व्हावयास मुलगे दुर्मिळ नव्हते. तरी फाळक्यांनीं आपली चिमुरडी कन्या मंदाकिनी हिलाच उभें केलें. आणि लपवाछपवी कांहीं नाहीं! आरंभीं ती मुलगी म्हणूनच चेहऱ्यावरचे नाना भाव दाखविते, आणि मग कृष्णाचें रूप घेते. पुढें तीच पोर खोड्या काढते, सवंगड्यांची पुढारी होते, डोहांत शिरून कालियाशीं झुंजते. तिचा कृष्ण प्रेक्षकांनीं आनंदानें स्वीकारला.

फाळक्यांचें घर कांहीं आजच्या अर्थानें समतेचें नव्हतें. सरस्वतीबाई फितीला भोकें पाडीत, ती धूत, आणि चित्रपटाच्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. अशा घरांतून हा कृष्ण निघाला, म्हणूनच आम्हांस त्याचें नवल वाटतें. आजच्या चित्रकारापुढें तर नट मिळत नसल्याची सबबही नाहीं. तो काढील तें रूप कागदावर उमटतें.

फाळक्यांचीं बहुतेक चित्रें काळानें गिळलीं; ‘कालियामर्दन’ बऱ्याच अंशीं वांचलें आहे. पालकांनीं तें मुलांना अवश्य दाखवावें.