कुलूपबंद प्रोसेसर ‘सर्वोपयोगी’ म्हणावा का?

संगणकाचा मेंदू समजल्या जाणाऱ्या मायक्रोप्रोसेसरचे वैशिष्ट्य असे, की त्याचे काम कारखान्यात कायमचे ठरत नाही. ते आज्ञावली ठरवते. इंटेलने १९७१ मध्ये विक्रीस आणलेली ‘४००४’ ही चिप मुळात एका जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी बनली होती. आज्ञावली बदलताच तीच चिप अन्य कामेही करू शकत असे. अशा चिपला ‘सर्वोपयोगी’ म्हणतात. मात्र, उत्पादकाने कुलूप घातलेल्या प्रोसेसरलाही हे नाव शोभते का?

या कुलपाची रचना सोपी आहे. चिपमध्येच एक छोटी, न बदलता येणारी आज्ञावली कोरलेली असते. यंत्र सुरू होताच ती पुढील आज्ञावलीवरची डिजिटल स्वाक्षरी तपासते. स्वाक्षरी उत्पादकाने मान्य केलेली असेल, तरच काम पुढे सरकते. बेरीज, तुलना, स्मृतीतील नोंदी वाचणे या मूळ क्षमता शाबूत राहतात. परवानगी तेवढी दुसऱ्याच्या हाती जाते.

सोनीच्या ‘प्लेस्टेशन ३’चे उदाहरण बोलके आहे. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी विकसित केलेला ‘सेल’ प्रोसेसर त्यात होता. २००६ मध्ये हे खेळयंत्र बाजारात आले, तेव्हा त्यावर लिनक्स चालविण्याची सोय होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने तर अशी सुमारे १,७०० यंत्रे जोडून ‘कॉन्डॉर’ हा महासंगणक उभारला. सोनीने सुरक्षेचे कारण देत १ एप्रिल २०१० रोजी नव्या आवृत्तीद्वारे ही सोय काढून घेतली. आवृत्ती नाकारणाऱ्यांना कंपनीच्या नेटवर्कवर खेळणे अशक्य झाले. चिप तीच राहिली, मालकाचा अधिकार मात्र आटला. ग्राहकांनी अमेरिकेत दावे दाखल केले. ते २०१८ मध्ये तडजोडीने मिटले.

कुलूप म्हणजे केवळ अन्यायच, असेही नव्हे. यंत्र सुरू होण्याआधीच घुसणाऱ्या घातक आज्ञावलींना ते अटकाव करते. मुद्दा किल्ली कोणाकडे, हा आहे. ‘विंडोज ८’च्या वेळी, २०१२ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रासाठी इंटेल पद्धतीच्या संगणकांवर हे कुलूप मालकाला काढता यावे, अशी अट होती, एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांवर ते काढता येऊ नये, अशी होती. दोन्ही प्रोसेसर सर्वोपयोगीच, पण मालकाचे हक्क भिन्न.

तांत्रिकदृष्ट्या, म्हणून, कुलूपबंद चिपही सर्वोपयोगीच ठरते. तिचा सर्व उपयोग करण्याची मुभा मात्र किल्ली बाळगणाऱ्यालाच असते. हा फरक जाहिरातीतील वेग आणि स्मृतीच्या आकड्यांत दिसत नाही. यंत्र विकत घेताना ‘किल्ली कोणाकडे राहणार?’ हा प्रश्न ग्राहकाने म्हणूनच अवश्य विचारावा.