‘समृद्धीची सुवार्ता’ आणि तिचे ख्रिस्ती टीकाकार

श्रद्धा खरी असेल तर आजार टिकणार नाही आणि दारिद्र्यही राहणार नाही, असे सांगणाऱ्या शिकवणीला ख्रिस्ती जगतात ‘समृद्धीची सुवार्ता’ म्हटले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीच्या माध्यमातून ती अमेरिकेतून जगभर पसरली. विशेष म्हणजे, तिच्यावर कठोर टीका करणाऱ्यांत ख्रिस्ती अभ्यासक आघाडीवर आहेत. प्रार्थनेने रोगी बरे होतात असे मानणारे पेंटेकोस्टल पंथीयही त्यांत आहेत.

शिकवण काय आहे?

या विचाराचे मूळ ई. डब्ल्यू. केनियन (१८६७-१९४८) या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या लेखनात आढळते. केनेथ हेगिन (१९१७-२००३) यांनी तो लोकप्रिय केला. १९७४ मध्ये त्यांनी ओक्लाहोमा राज्यात ‘रेमा’ हे बायबल प्रशिक्षण केंद्र सुरू केले. ‘सकारात्मक कबुली’ हा या शिकवणीचा गाभा होय. श्रद्धेने उच्चारलेला शब्द प्रत्यक्षात उतरतो, म्हणून रुग्णाने ‘मी बरा झालो आहे’ असेच म्हणावे, दुखण्याचा उच्चारही करू नये, असे ती सांगते. त्यासाठी मार्कच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायाचा आधार घेतला जातो. ओरल रॉबर्ट्स यांनी दानाला बीजाची उपमा दिली. पेरलेले अनेक पटींनी परत मिळते, हा त्यामागील विचार.

आक्षेप कोणते?

‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या मोठ्या पेंटेकोस्टल संघटनेने १९८० मध्ये या शिकवणीबाबत अधिकृत भूमिका जाहीर केली. वेचक वचनांऐवजी संपूर्ण बायबल विचारात घ्यावे, असा तिचा आग्रह होता. ही शिकवण केवळ सुखवस्तू समाजातच अर्थपूर्ण ठरते की निर्वासितांनाही लागू पडते, असा मार्मिक प्रश्नही तीत विचारण्यात आला.

याच संघटनेतील नव्या कराराचे अभ्यासक गॉर्डन फी (१९३४-२०२२) यांनी वचनांच्या अर्थावरच बोट ठेवले. योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या आरंभीची आरोग्याची इच्छा हे ईश्वरी आश्वासन नसून पत्रलेखनाची तत्कालीन रीत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडील जुन्या पत्रांतील क्षेमकुशलाच्या ओळीसारखाच हा प्रकार. शिवाय पौलाचा ‘काटा’ प्रार्थनेनंतरही गेला नाही, त्याचा सहकारी त्रफिम आजारीच राहिला आणि नीतिमान ईयोबाने सर्वस्व गमावले, याकडेही टीकाकार लक्ष वेधतात.

डी. आर. मॅककॉनेल यांनी १९८८ च्या ग्रंथात केनियनच्या विचारांचा संबंध ‘न्यू थॉट’ या मनःशक्तिवादी चळवळीशी जोडला. हा निष्कर्ष मात्र सर्व अभ्यासकांना मान्य नाही.

दोष रुग्णाच्या माथी

या वादातील सर्वांत गंभीर मुद्दा मानवी आहे. श्रद्धेने रोग जातोच, असे मानले की न गेलेल्या रोगाचे खापर रुग्णाच्या श्रद्धेवर फुटते. दुखण्यात अपराधीपणाची भर पडते, ती अशी. त्याहून भयंकर म्हणजे उपचार थांबवण्याची वेळ येते. कॅलिफोर्नियातील बार्स्टो येथे १९७३ मध्ये एका दाम्पत्याने आपला मधुमेही मुलगा प्रार्थनेने बरा झाल्याचे मानून इन्सुलिन बंद केले. बिघडत्या प्रकृतीची लक्षणे ही केवळ श्रद्धेची परीक्षा आहे, अशी त्यांची समजूत होती. अकरा वर्षांचा तो मुलगा दगावला आणि न्यायालयाने आई-वडिलांना दोषी ठरवले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात वडिलांनी स्वतः ही शोकांतिका मांडली.

टीकेची व्याप्ती

२०१० च्या केपटाऊन येथील जागतिक लोझान परिषदेच्या निवेदनात समृद्धीच्या शिकवणीतील अतिरेक नाकारण्यात आले. २०१८ मध्ये ‘ला चिविल्ता कात्तोलिका’ या रोममधील जेझुइट नियतकालिकानेही तिच्यावर टीका केली. अमेरिकी सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी २००७ मध्ये सहा दूरचित्रवाणी धर्मोपदेशकांच्या संस्थांच्या आर्थिक व्यवहारांची चौकशी आरंभली. २०११ मध्ये ती कोणत्याही दंडाविना संपली.

या टीकाकारांचा प्रार्थनेला वा आरोग्याच्या आशेला विरोध नाही. देवाकडे मागणे आणि देवाला बांधून घेणे यांत फरक आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. मागणाऱ्याला नकार मिळाला तरी त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही.