ठिपक्यामागचे नाव

पुस्तकावर लेखकाचे नाव असते, चित्रावर चित्रकाराची सही. मग संगणकीय खेळ रचणाऱ्याचे काय? १९७०च्या दशकात अमेरिकेतील अटारी कंपनी आपल्या खेळांवर रचनाकाराचे नाव देत नसे. तिथल्या वॉरन रॉबिनेट यांनी 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ एकट्याने लिहिला. सगळा खेळ अवघ्या ४०९६ बाइटमध्ये बसवायचा होता. तरीही त्यांनी त्यात एक गुप्त खोली केली. पडद्यावर पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक इवलासा ठिपका होता. तो उचलून ठरावीक ठिकाणी नेला की भिंतीपलीकडे जाता येई. तिथे त्यांचे नाव झळके!

१९७९ साली त्यांनी नोकरी सोडली, तीही खोलीबद्दल अवाक्षर न काढता. १९८० मध्ये एका शाळकरी मुलाने ती शोधली आणि कंपनीला पत्र लिहिले. पण चिपमध्ये कायमचे कोरलेले पुसणार कसे? बदल खर्चाचा होता. नाव राहिले. ईस्टरला मुलांनी शोधावीत म्हणून अंडी लपवतात. त्यावरून अशा गमतींना 'ईस्टर एग' म्हणू लागले.

विद्यार्थ्यांना विचारून पाहा: आपण रोज वापरतो त्यांपैकी किती वस्तूंवर घडवणाऱ्याचे नाव असते?