धान्यवाल्याचा वाडा आणि बापाची ढोलकी

माझा बाप मार्केट यार्डात हमाल होता. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून तो पुण्यात आला तेव्हा भुसार बाजार नाना-भवानी पेठेत होता. पुढे बाजार गुलटेकडीला गेला आणि पोत्यांमागे बापही गेला. दिवसा पाठीवर गहू-ज्वारी, रात्री वस्तीच्या जलशात ढोलकी. झोपडीत ओल, म्हणून ढोलकी, डफ, तुणतुणे एका आडत्याच्या पोटमाळ्यावर ठेवलेले असे. एका पावसाळ्यात आडत्याला जागा हवी झाली. साहित्य गाळ्याबाहेर आले, दोन रात्री भिजले, कातडे सडले. बाप कोणाला काही बोलला नाही. जागा त्याची नव्हतीच.

शिकागोच्या एका वाड्याविषयी वाचताना मला ती ढोलकी आठवली. हा वाडा १८९० च्या दशकात एका धान्य-व्यापाऱ्याने बांधला. पुढे दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांतून निघालेली काळी माणसे आगगाडीने त्या शहरात आली आणि शहराने त्यांना एका पट्ट्यात कोंडले. आमचा महारवाडा गावकुसाबाहेर, त्यांचा शहराच्या पोटात, एवढाच फरक. त्यांच्या चित्रकारांना गोऱ्यांच्या कलादालनांत जवळजवळ मज्जावच होता. महामंदीच्या काळात अमेरिकी सरकारने शंभरावर लोककलाकेंद्रे काढली. शिक्षकांचा पगार सरकारचा, जागा मात्र लोकांनी उभी करायची. तेव्हा विशीतल्या मार्गारेट बरोज आणि त्यांचे सोबती रस्त्याच्या कोपऱ्यावर डबे घेऊन उभे राहिले. दहा-दहा सेंटची नाणी जमवली. १९४० साली व्यापाऱ्याच्या त्याच वाड्यात साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर सुरू झाले. गॉर्डन पार्क्स यांना तिथे छायाचित्रे धुण्याची अंधारखोली मिळाली. ग्वेंडोलिन ब्रुक्स तिथल्या काव्यवर्गात बसल्या आणि १९५० मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या लेखिका ठरल्या. १९४३ मध्ये सरकारी पैसा आटला. इतर बहुतेक केंद्रे मिटली, हे टिकले. कारण घर त्यांचे होते.

या कहाणीला देव्हाऱ्यात बसवू नये. कम्युनिस्ट म्हणून संशय घेण्याच्या पन्नाशीतल्या लाटेत तिथल्या काही संस्थापक कलावंतांनाच दूर सारले गेले. पैसेवाले आश्रयदाते आणि फाटके चित्रकार यांच्यातली ओढाताण तिथेही होतीच. आमच्या जयंती-मंडळांत वावरलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको.

काळ्यांशी आपले नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले. नाव आले, कविता आली, संताप आला. डबा मात्र आला नाही, आणि मला हीच गोष्ट खुपते. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. तेच अण्णा भाऊ १९६९ मध्ये हलाखीत गेले. आज त्यांच्या नावाची सभागृहे आहेत. तिथे तालमीला भाडे पडते.

आपल्याला संघटना जमत नाही, हे मी मान्य करणार नाही. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने याच यार्डातल्या माणसांना उभे केले. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालीवर व्यापाऱ्याकडून लेव्ही घेण्याची वाट काढली आणि पाठीच्या कष्टाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी लागू झाली. १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली, यार्डात हमाल भवन उभे राहिले. २०१२ मध्ये पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांनी, त्यांच्या युनियनच्या बळावर, गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ रंगमंचावर आणले. दिग्दर्शक अतुल पेठे. दिवसभर झाडू मारणारा माणूस रात्री जोतीराव उभे करतो, आणि त्याच्या पाठीशी नाट्यसंस्था नसून युनियन असते. भाकरीसाठी आपण जे केले ते ढोलकीसाठी करता येते, याचा याहून पुरावा कोणता हवा?

मागच्या जयंतीला वस्तीतल्या पोरांनी तेलाचा रिकामा डबा कापून त्याला खाच पाडली. वर्गणी रंगरंगोटी आणि डीजेसाठी नव्हे, खोलीसाठी, असे त्यावर लिहिले. हमालांनी सुट्टे टाकले, चहावाल्याने टाकले, एका तोलणाराने नोट टाकली. तीन महिन्यांचे भाडे निघाले. बापाच्या ढोलकीचे खोड मी त्या खोलीत नेऊन ठेवले आहे; नवे कातडे चढवायचे आहे. डबा अजून फिरतो आहे.