किफायतशीर विद्युत हॅचबॅक : कुटुंबाच्या रोजच्या वापराच्या कसोटीवर

विजेवर चालणारी मोटार ही भारतीय रस्त्यांसाठी नवी गोष्ट नाही. बंगळुरूच्या 'रेवा'ने २००१ मध्येच हा प्रयोग केला होता. मात्र शिसे-आम्ल बॅटरीवर जेमतेम ८० किलोमीटर धावणारी ती दोन दारांची चिमुकली गाडी कुटुंबाची एकमेव मोटार होऊ शकली नाही. चार दारे, पाच आसने आणि मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातील किंमत हे गणित जुळायला त्यानंतर दोन दशके जावी लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटा मोटर्सने 'टिआगो ईव्ही' ८ लाख ४९ हजार रुपयांच्या प्रारंभिक एक्स-शोरूम किमतीत सादर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही किंमत ७ लाख ९९ हजारांपर्यंत खाली आली. तेव्हापासून शहरी कुटुंबांत एकच प्रश्न विचारला जातो : पेट्रोलची गाडी घ्यावी की विजेची? त्याचे उत्तर गाडीच्या माहितीपत्रकापेक्षा घरच्या वाहनतळावर आणि रोजच्या किलोमीटरवर अधिक अवलंबून आहे.

कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला

ही गाडी १९.२ आणि २४ किलोवॉट-तास अशा दोन बॅटऱ्यांसह बाजारात आली. त्या वेळी कंपनीने एका चार्जिंगमधील पल्ला अनुक्रमे २५० आणि ३१५ किलोमीटर जाहीर केला होता. हे आकडे 'एमआयडीसी' या भारतीय चाचणीचक्रानुसार प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेले असतात. प्रत्यक्षात वातानुकूलन यंत्र, सिग्नल, खड्डे, चढ आणि मागे बसलेली माणसे या साऱ्यांचा भार बॅटरीवर पडतो. त्यामुळे नियोजन करताना मोठ्या बॅटरीचा पल्ला १९० ते २०० आणि लहान बॅटरीचा १५० किलोमीटरच्या आसपास धरणे शहाणपणाचे ठरते.

शहरासाठी हा पल्ला अपुरा नाही. रोजचा प्रवास २५ किलोमीटर असेल तर मोठ्या बॅटरीची गाडी आठवड्यातून एक-दोनदा चार्ज केली तरी भागते. पेट्रोलच्या गाडीला गर्दीत थांबत-थांबत जाताना अधिक इंधन लागते, विजेच्या गाडीची गोष्ट मात्र उलटी असते. वेग कमी असल्याने हवेचा अवरोध कमी राहतो आणि ब्रेक लावताना मोटरच जनित्र होऊन काही ऊर्जा बॅटरीत परत पाठवते. गिअर बदलण्याचा आणि क्लच दाबण्याचा त्रास नाही, हा वाहतूक कोंडीत जाणवणारा आणखी एक लाभ. ७४ अश्वशक्तीची मोठ्या बॅटरीची आवृत्ती सिग्नलवरून चपळाईने निघते.

मुंबई-पुणे : खरी परीक्षा

कुटुंबाची एकमेव गाडी केवळ कार्यालय आणि शाळेपुरती नसते. तिला सुट्टीत गावीही जायचे असते. मुंबई-पुणे हे सुमारे १५० किलोमीटरचे अंतर मोठ्या बॅटरीच्या पल्ल्यात बसते, असे कागदावर दिसते. मात्र द्रुतगती मार्गावर ताशी ९० ते १०० किलोमीटर वेगाने हवेचा अवरोध झपाट्याने वाढतो. त्यात मुंबईहून जाताना घाट चढायचा असतो. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दीड हजार किलो मानले, तर ६०० मीटरच्या चढणीसाठीच जवळपास अडीच ते तीन युनिट वीज लागते. म्हणजे मोठ्या बॅटरीचा आठवा-दहावा भाग. पुण्याहून मुंबईला उतरताना यातील काही वीज परत मिळते.

थोडक्यात, मुंबईहून पुण्याला जाताना वाटेत एकदा थांबण्याची तयारी ठेवावी. जलद चार्जरवर बॅटरी १० वरून ८० टक्क्यांपर्यंत नेण्यास सुमारे एक तास लागतो. ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग मंदावतो, म्हणून शंभर टक्के भरण्याच्या आग्रहाने तेथे ताटकळत बसू नये. सुट्टीच्या दिवशी चार्जरपुढे रांग असू शकते, हेही गृहीत धरावे.

घरचा प्लग हाच पेट्रोल पंप

वातानुकूलन यंत्रासाठी वापरतात त्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर मोठी बॅटरी १० टक्क्यांवरून पूर्ण भरण्यास पावणेनऊ तास आणि लहान बॅटरी भरण्यास सुमारे सात तास लागतात. म्हणजे रात्री लावलेली गाडी सकाळी तयार असते. मात्र सुमारे तीन किलोवॉटचा भार इतके तास सलग वाहणार असल्याने स्वतंत्र वायर, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि चांगले अर्थिंग आवश्यक आहे. तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळत सोडण्याचा मार्ग धोकादायक होय.

अडचण येते ती गृहनिर्माण संस्थेत. वाहनतळ नेमून दिलेला नसेल, मीटरची खोली दूर असेल किंवा समितीत एकमत नसेल, तर प्रश्न गाडी घेतल्यानंतर चिघळतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. हा अर्ज, संस्थेची परवानगी आणि इलेक्ट्रिशियनचा अंदाज ही तिन्ही कामे गाडीची नोंदणी करण्यापूर्वी उरकावीत.

पैशांचा हिशेब

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. गाडीसाठी लागणारी वीज घरच्या वापरात मिळवली जात असल्याने तिला बिलातील सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागू होतो. म्हणून हिशेब सरासरी दराने न करता वरच्या दराने करावा. उदाहरणादाखल युनिटला १२ रुपये आणि चार्जिंगमधील गळती धरून युनिटमागे ७ किलोमीटर मानले, तर खर्च किलोमीटरला सुमारे १ रुपया ७० पैसे येतो. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि शहरातील सरासरी १५ किलोमीटर धरल्यास तोच खर्च ६ रुपये ६७ पैसे होतो. बचत किलोमीटरमागे जवळपास ५ रुपये.

आता किमतीतील फरक पाहू. विजेच्या गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. लहान पेट्रोल मोटारींवरील कर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यामुळे दोहोंतील अंतर पुन्हा रुंदावले. समान दर्जाच्या दोन गाड्यांत ३ लाखांचा फरक धरला, तर तो भरून निघण्यास ६० हजार किलोमीटर धावावे लागेल. वर्षातील ३०० दिवस रोज ५० किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी चार वर्षे लागतात, तर रोज २५ किलोमीटर धावणाऱ्याला आठ. बॅटरी आणि मोटरची हमीही आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरचीच आहे, हे येथे लक्षात घ्यावे. सारे चार्जिंग सार्वजनिक केंद्रावर दुप्पट दराने करावे लागले, तर हेच अंतर ९० हजार किलोमीटरच्या पुढे जाते. इंजिन ऑइल आणि क्लच नसल्याने देखभालीत थोडी बचत होते, पण ती या गणिताचा कल बदलण्याइतकी नाही.

जागा, सुरक्षा आणि पावसाळा

गाडीची लांबी ३७६९ आणि रुंदी १६७७ मिलिमीटर आहे. चौघांसाठी ती सोयीची आहे. मागे तीन प्रौढ बसल्यास दाटी होते. २४० लिटरच्या डिकीत दोन मध्यम बॅगा मावतात. सुटे चाक नाही, त्याऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच दिला जातो. गावाकडच्या रस्त्यांवर जाणाऱ्यांनी ही उणीव ध्यानात ठेवावी.

पेट्रोल टिआगोला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले होते. मात्र ते जुन्या निकषांवरचे होते आणि २०२२ मध्ये हे निकष अधिक कडक झाले. म्हणून निवडलेल्या आवृत्तीत एअरबॅग किती आहेत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. बॅटरीला आयपी६७ दर्जाचे जलरोधक संरक्षण आहे. याचा अर्थ ठरावीक चाचणीत ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. तुंबलेल्या रस्त्यावर गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे.

पर्याय आणि निवड

एमजीची 'कॉमेट' २०२३ मध्ये आली. १७.३ किलोवॉट-तास बॅटरीची ही गाडी गल्लीबोळांत सोपी, पण दोन दारांची आणि चार आसनांची असल्याने ती दुसरी गाडी म्हणूनच शोभते. सिट्रोएनच्या 'ईसी३'मध्ये २९.२ किलोवॉट-तास बॅटरी आणि मोठी डिकी मिळते, परंतु २०२४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले.

स्वतःचा वाहनतळ, तेथे पोहोचणारी वीज आणि रोजचा ४०-५० किलोमीटरचा प्रवास या तिन्ही गोष्टी असलेल्या कुटुंबाने टिआगो ईव्ही नि:शंकपणे विचारात घ्यावी. त्यातही मोठी बॅटरी घ्यावी, कारण काही वर्षांनी क्षमता थोडी घटली तरी शहरापुरता पल्ला हाताशी राहतो. घरी चार्जिंगची सोय नसलेल्या किंवा रविवारपुरती गाडी काढणाऱ्या कुटुंबाला मात्र पेट्रोलची गाडी अजूनही स्वस्त पडते. विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी महिनाभर रोजच्या किलोमीटरची नोंद ठेवावी आणि विजेचे ताजे बिल सोबत घ्यावे. निर्णय त्या दोन कागदांवरच होईल.